गप्प बसणारें मूल



अंगास ताप आला म्हणजे आई कपाळावर हात ठेवते आणि तिला कळतें. पाय मुरगळला तर मूल लंगडतें, तें आपणांस दिसतें. परंतु मुलाच्या मनास कांहीं लागलें असेल, तर हात कोठें ठेवावयाचा? मूल खोडकर आहे, कीं दुःखी आहे, कीं आजारी आहे, हें ओळखण्याची कांहीं रीत आहे काय? गांवोगांवच्या उपदेशकांस, रविवारच्या शाळेच्या शिक्षकांस व घरोघरच्या आईबापांस हा प्रश्न वारंवार पडतो. ह्या धड्यांत त्याचाच विचार करावयाचा आहे. मुलें म्हणजे येथें विशेषेंकरून सात वर्षांच्या आंतबाहेरचीं असें समजावें.

आरंभीं मी माझी स्वतःची एक चूक सांगतों. ती सांगावयास मला लाज वाटते; पण ती सांगितल्यावांचून हा धडा नीट समजणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील मंडळींत मी पाळक असतां लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे होता. त्या वर्गांत सहा वर्षांचा एक मुलगा होता. हांक मारली तर तो वळून पाहात नसे, गाणें चाललें असतां मध्येंच ओरडे, शेजारच्या पोराला ढकली. त्याच वर्गांत पांच वर्षांची एक मुलगी होती. ती दाराजवळच्या भिंतीशीं बसे, हात मांडीवर ठेवी आणि वर्ग सुटेपर्यंत हालत नसे. एका वर्षांत मी त्या मुलाच्या घरीं किती वेळां गेलों, तें मोजतां येणार नाहीं. मुलीच्या घरीं एकदांही गेलों नाहीं. इतकेंच नव्हे, तर नाताळांत उत्तम वर्तनाचें बक्षीस मीं तिलाच दिलें. रंगीत चित्रांचें पुस्तक होतें तें. तिनें तें दोन्ही हातांनीं घेतलें आणि न पाहातांच मांडीवर ठेविलें.

कार्यक्रम आटोपल्यावर अंगणवाडीच्या ताई माझ्याजवळ आल्या व हळूच म्हणाल्या, "पाळकसाहेब, बक्षीस दिलेंत तें चांगलें केलेंत. पण ही मुलगी हंसलेली तुम्हीं कधीं पाहिली आहे का?"

मला उत्तर देतां आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघें तिच्या घरीं गेलों. दीड वर्षामागें, पावसाळ्यांत, तिची आई वारली होती. हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्या बाईच्या कबरेपाशीं प्रार्थना मींच केली होती! बाप दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीस जाई तो उन्हाळ्यांत परत येई. मुलगी म्हाताऱ्या आजीपाशीं राहात असे. आजी म्हणाली, "लई शाणी झालीया पोरगी, बाबा. आईचं नांवसुदीक काढत न्हाई." ताईंनीं वजनाची वही उघडून दाखविली. मागच्या चार महिन्यांत मुलीचें वजन वाढलें नव्हतें. रात्रीं ती आईच्या लुगड्याचा तुकडा मुठींत धरून जागी पडे, आणि दिवसा दारांत बसून रस्त्याकडे पाही. दीड वर्ष त्या लेकरानें आमच्या डोळ्यांसमोर दुःख केलें, आणि आम्हीं त्यास उत्तम वर्तन असें नांव दिलें.

त्या दांडग्या मुलाचें काय झालें? पुढें शाळेंत तपासणीस आलेल्या डॉक्टरांनीं त्याचा कान पाहिला. कान आंतून वाहात होता व ऐकूं फार कमी येत होतें. ज्याला हांक ऐकूंच येत नाहीं तो वळून कसा पाहाणार? उपचार झाले, आणि तो हांकेला ओ देऊं लागला. खोड्या अगदींच गेल्या नाहींत. पण त्या आतां साध्या पोराच्या खोड्या आहेत.

ह्या दोन मुलांत मला एक मोठा धडा सांपडला. ज्यानें मला त्रास दिला, त्याचा आजार सांपडला. जिनें मला त्रास दिला नाहीं, तिचें दुःख तसेंच पडून राहिलें. आपण मुलांची पारख त्यांच्या दुःखावरून करीत नाहीं. आपल्याला होणाऱ्या त्रासावरून करितों.

१. बाहेर फुटणारें आणि आंत मुरणारें

गळूं दोन तऱ्हेनें जातें. एक बाहेर फुटतें. दुसरें आंत मुरतें. जाणत्यांना दुसऱ्याची भीति अधिक वाटते. लहान मुलाच्या मनाची गोष्ट तशीच आहे. कांहीं मुलांची अडचण मारणें, चावणें, मोडतोड, हट्ट व आरडाओरडा ह्या रूपानें बाहेर येते. कांहींची अडचण भय, उदासपणा, अबोला, पोटदुखी व झोपमोड ह्या रूपानें आंतच राहाते. पहिल्या प्रकारचें मूल सर्व गांवास ठाऊक असतें. दुसऱ्या प्रकारचें मूल पुष्कळदां त्याच्या बापासही ठाऊक नसतें.

ही चूक केवळ आपल्या खेड्यांत होते असें नाहीं. अमेरिकेंत ई. के. विकमन नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९२८ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. मुलांच्या वर्तनांतील ५० गोष्टींची एक यादी करून त्यांपैकीं कोणती किती गंभीर आहे, असें त्यानें शाळांतील शिक्षकांस विचारिलें. तेंच मुलांच्या मनाचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांसही विचारिलें. शिक्षकांनीं चोरी, खोटें बोलणें, शाळा बुडविणें, आज्ञा मोडणें ह्यांस वर चढविलें. तज्ज्ञांनीं एकलकोंडेपणा, संशयीपणा, उदासपणा व भित्रेपणा ह्यांस वर चढविलें. दोन्ही पक्षांस प्रश्न अगदीं एकाच रीतीनें विचारिले नव्हते, असा आक्षेप ह्या अभ्यासावर पुढें घेण्यांत आला, व तो योग्य आहे. शिक्षकांच्या मनांत आजचा वर्ग होता. तज्ज्ञांच्या मनांत त्या मुलाचा उद्यां होता. पण मला वाटतें, नेमकें शिकावयाचें तें येथेंच आहे. वर्ग सांभाळणाऱ्यास गप्प मूल सोयीचें वाटतें, आणि सोयीच्या वस्तूकडे कोणी निरखून पाहात नाहीं.

२. मूल शांत झालें, म्हणून तें बरें झालें असें नव्हे

दुसरें उदाहरण इंग्लंडांतील आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत तेथील पुष्कळ रुग्णालयांत लहान मुलांस ठेवून घेत व आईबापांस फार थोडा वेळ भेटूं देत. आई आली म्हणजे मूल रडतें, ती गेली म्हणजे पुनः रडतें; तेव्हां तिनें न येणेंच बरें, असा समज होता. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्यें काम करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन ह्यांनीं अशा मुलांजवळ बसून त्यांस दिवसचे दिवस पाहिलें. त्यांस तीन पायऱ्या आढळल्या. प्रथम मूल आक्रोश करतें व आईला शोधतें. मग तें हताश होऊन गप्प पडतें. शेवटीं तें जणूं आईस विसरल्यासारखें वागतें. आई आली तरी तिच्याकडे जात नाहीं. परिचारिका दुसरी व तिसरी पायरी पाहून म्हणत, मूल आतां रुळलें!

लोकांचा विश्वास बसेना, तेव्हां रॉबर्टसन ह्यांनीं १९५२ सालीं एक चित्रपट दाखविला. त्यांत अडीच वर्षांच्या आंतील एक मुलगी शस्त्रक्रियेकरितां आठ दिवस रुग्णालयांत आहे. ती फार रडत नाहीं. ओठ आवळून धरते, खेळणें घट्ट कवटाळते, मधूनच आईचें नांव घेते. पाहाणाऱ्या कित्येक डॉक्टरांस प्रथम राग आला. पण हळूहळू मतें पालटलीं. १९५९ सालीं तेथील एका सरकारी समितीनें आईबापांस मुलांजवळ मोकळेपणानें येऊं द्यावें अशी शिफारस केली.

माझ्या वर्गांतील मुलगी ह्याच पायऱ्यांवरून उतरली होती. पहिल्या महिन्यांत ती फार रडली असें आजीनेंच सांगितलें. मग रडणें थांबलें, आणि आम्हां सर्वांस हायसें वाटलें.

३. पाखडणें आणि निवडणें

आतां रीत पाहूं. सर्व मुलांस एकाच प्रकारचे थोडे प्रश्न लावून, कोणास अधिक तपासणीची गरज आहे हें काढणें, ह्यास प्राथमिक चाळणी म्हणतात. आपल्या माताभगिनींना हें समजाविण्यास मोठे शब्द नकोत. दळणाआधीं धान्य सुपांत घेऊन पाखडतात. नंतर बसून हातानें निवडतात. चाळणी म्हणजे पाखडणें. डॉक्टरांचें निदान म्हणजे निवडणें. पाखडतांना कांहीं चांगले दाणेही सुपाबाहेर उडतात, व कांहीं खडे सुपांतच राहातात. म्हणून पाखडल्यावर जें वेगळें पडलें तें सर्व खडेच, असें कोणतीही शहाणी बाई म्हणत नाहीं.

ह्या कामीं आज जगांत अनेक प्रश्नावल्या वापरतात. त्यांपैकीं एक इंग्लंडांतील बालमनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन ह्यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केली. तींत २५ लहान विधानें आहेत, आणि आईबाप किंवा शिक्षक प्रत्येकापुढें खरें नाहीं, कांहींसें खरें, अगदीं खरें ह्यांपैकीं एक उत्तर देतात. विधानांचे पांच गट आहेत, व प्रत्येक गटांत पांचच विधानें आहेत. एक गट भय, दुःख व काळजी ह्यांचा, एक दांडगाईचा, एक चंचलपणाचा, एक सोबत्यांशीं जमतें कीं नाहीं ह्याचा, आणि शेवटला दुसऱ्यास मदत करण्याच्या वृत्तीचा, म्हणजे मुलाच्या चांगुलपणाचा. वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. दांडगाईला पांच प्रश्न, तर दुःखालाही पांचच. माणसाची नजर जेथें एका बाजूस झुकते, तेथें हा कागद तराजू समतोल धरतो. चाळणीचा खरा उपयोग हाच आहे. ती आपल्याहून शहाणी नसते. पण ती गप्प मुलालाही तितकेच प्रश्न विचारते.

तथापि तिचा हिशेबही समजून घेतला पाहिजे. समजा, एका गांवांत १०० लहान मुलें आहेत व त्यांपैकीं १० खरोखर अडचणींत आहेत. प्रश्नावली चांगली आहे. ती त्या १० पैकीं ८ जणांस ओळखते व उरलेल्या ९० पैकीं ८१ जणांस बरोबर सोडून देते. तर वेगळीं पडलीं किती? अडचणींतलीं ८ आणि चांगलीं ९, मिळून १७. म्हणजे वेगळ्या पडलेल्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिक चांगलीं आहेत! आणि खरोखर अडचणींतलीं २ मुलें सुटलीं तीं निराळींच. हा आंकडा मीं समजण्यापुरता घेतला आहे. पण त्यांतील तत्त्व खरें आहे. यास्तव चाळणींत आलें म्हणून कोणत्याही मुलास वेडें, मंद किंवा वाईट म्हणूं नये. आणि चाळणींतून सुटलें म्हणून त्याच्याकडे पाहाणें सोडूं नये.

जागतिक आरोग्य संघटनेनें १९६८ सालीं विल्सन व युंगनर ह्या दोघांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोगांची चाळणी केव्हां करावी ह्याचे दहा नियम त्यांत आहेत. त्यांपैकीं दोन आपल्या कामाचे आहेत. पहिला हा कीं, जें सांपडेल त्यावर निदान व उपचार करण्याची सोय असली पाहिजे. खडा दाखवावा आणि काढूं नये, ह्यांत दया नाहीं. दुसरा हा कीं, शोध एकदांच करून भागत नाहीं. तो चालूच ठेवावा लागतो. मागील वर्षीं हंसणारें मूल ह्या वर्षीं गप्प झालें असेल.

४. आपल्या गांवांत काय सोय आहे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा २०१३ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यांत करितात. जन्मजात दोष, पोषणांतील उणिवा, बालपणचे रोग आणि वाढींतील विलंब ह्या चार गोष्टी त्यांत पाहातात. ऐकूं न येणें, उशिरा बोलणें, स्वमग्नता, अतिचंचलपणा व शिकण्यांतील अडचण हींही त्यांत येतात. पथकानें अंगणवाडींत वर्षांतून निदान दोनदां व सरकारी शाळेंत एकदां यावें अशी योजना आहे. ज्यास अधिक तपासणी हवी त्यास जिल्ह्याच्या शीघ्र उपचार केंद्राकडे पाठवितात. तेथें मुलांचे डॉक्टर व निरनिराळ्या प्रकारचे तज्ज्ञ एका ठिकाणीं भेटावेत, असा हेतु आहे.

ही सोय मोठी आहे. पण तिच्या मर्यादा ओळखाव्या. पथक एका दिवसांत पुष्कळ मुलें पाहातें. वाकडा पाय किंवा फुटलेला कान डॉक्टरांस तेव्हांच दिसतो. रात्रीं जागणारें मूल दिवसा डॉक्टरांपुढें उभें राहून जीभ काढून दाखवितें व निघून जातें. तें जागतें हें कोणी सांगितलें तरच कळणार. शिवाय ज्यांचीं आईबापें ऊसतोडीस गेलीं व मुलांस बरोबर घेऊन गेलीं, तीं मुलें पथक येतें त्या दिवशीं गांवांत नसूं शकतात. म्हणून पथक येण्याच्या आधीं आपण पाहून ठेवावें, आणि आल्यावर सांगावें. हें काम तुमचें आमचें आहे.

५. प्रत्येक मुलाविषयीं विचारावयाचे प्रश्न

पुढील प्रश्न निदानाकरितां नाहींत व त्यांस गुण द्यावयाचे नाहींत. ते केवळ आपली नजर सर्व मुलांवर सारखी फिरावी म्हणून आहेत. वर्गाचा पट घ्यावा व नांव सोडून न देतां, एकेका मुलाविषयीं विचारावें:

(अ) तें दुसऱ्या मुलांबरोबर खेळतें काय? कीं नुसतें पाहातें?
(आ) तें हंसतें काय? पूर्वीं जें आवडे त्याकडे अजून धांवतें काय?
(इ) जेवण, झोप व वजन पूर्वींसारखें आहे काय?
(ई) हांक मारल्यास वळतें काय? आपल्या डोळ्यांकडे पाहातें काय?
(उ) बोलणें, चालणें, शौचास सांगणें, ह्यांपैकीं जें येत होतें तें आतां नाहींसें झालें आहे काय?
(ऊ) एखाद्या माणसास, घरास किंवा वाटेस तें एकाएकीं भिऊं लागलें आहे काय?
(ए) रागांत स्वतःस किंवा दुसऱ्यास इजा करितें काय?
(ऐ) त्यास कोणती गोष्ट चांगली येते? कोणाजवळ तें मोकळें होतें?

शेवटचा प्रश्न सोडूं नये. उपचाराचें दार बहुतेक त्याच बाजूला असतें.

उत्तर काळजीचें आलें तर आणखी तीन मापें लावावीं. किती दिवस चाललें आहे? घरीं आणि शाळेंत दोन्हीकडे आहे, कीं एकाच ठिकाणीं? त्यामुळें खाणें, झोपणें, खेळणें व शिकणें अडतें आहे काय? चार दिवसांचा रुसवा हा रुसवाच असतो. कित्येक आठवडे चाललेलें व दिवसाचें काम अडविणारें वर्तन मात्र दाखवावें.

वयाचाही विचार करावा. दोन वर्षांच्या मुलानें जमिनीवर लोळण घेणें, तीन-चार वर्षांच्या मुलानें अंधारास भिणें, पांच वर्षांच्या आंतील मुलानें रात्रीं अंथरूण ओलें करणें, हीं वाढीचींच लक्षणें आहेत. त्यांकरितां मारूं नये व घाबरूंही नये. परंतु एक वर्षाचें मूल आपल्या नांवास ओ देत नसेल, सोळा महिन्यांचें होऊनही एक शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचें होऊनही दोन शब्द जोडीत नसेल, तर वाट पाहूं नये. आणि आलेलें बोलणें गेलें, तर कोणत्याही वयांत तात्काळ डॉक्टरांकडे न्यावें. आधीं कान व दृष्टि तपासून घ्यावी. ऐकूं न येणाऱ्यास हट्टी ठरविल्याचें पाप आपल्या माथीं नसावें.

६. काय करावें व काय करूं नये

मूल वेगळें वाटलें तर चारचौघांत बोलूं नये. आईला एकटीला भेटावें, आणि दोष न देतां विचारावें, "बाई, अलीकडे लेकराला झोप लागते का?" अशा साध्या प्रश्नानें जें दार उघडतें, तें उपदेशानें उघडत नाहीं. नंतर आशाताई, अंगणवाडीच्या ताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर ह्यांस सांगावें, व शक्य तर स्वतः बरोबर जावें. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयांत कोणत्या खिडकीशीं उभें राहावें, हें न समजून माघारीं आलेल्या आया मीं पाहिल्या आहेत. वाट दाखविणारा बरोबर असला म्हणजे अर्धें काम झालें.

दूरध्वनीवरूनही मदत मिळते. टेलि-मानस नांवाची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर मनाच्या अडचणींविषयीं विनामूल्य बोलतां येतें. संकटांतील बालकांकरितां १०९८ हा क्रमांक आहे.

मुलाच्या अबोल्यामागें अत्याचार असल्याचें कळलें किंवा तसा संशय आला, तर तेथें पंचाईत नको, समेट नको व मंडळीच्या अब्रूचा विचारही नको. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा कायदा २०१२ सालीं झाला आहे. ज्यास अशी गोष्ट कळेल त्यानें ती पोलिसांस कळविलीच पाहिजे, असें तो सांगतो. पाळक व उपदेशक ह्यांसही तो लागू आहे. लेकरूं आपल्यावर विश्वास ठेवून बोललें आणि आपण गप्प बसलों, तर गप्प बसण्याचा धडा त्यास आपणच दिला असें होईल.

आणखी एक गोष्ट नम्रपणें सांगतों. मूल रात्रीं दचकतें, एकटें बसतें, बडबडतें, म्हणून त्यास बाहेरची बाधा झाली असें आपले शेजारी म्हणतात व देवऋषाकडे नेतात. आपण त्यांस हंसतों. पण आपल्यांतीलही कांहीं जण त्याच मुलास सभेंत उभें करून मोठमोठ्यानें भुतें काढूं पाहातात. भ्यालेल्या लेकराच्या दृष्टीनें दोहोंत फरक तो काय? प्रार्थना अवश्य करावी. ती घरांत, हळू आवाजांत, मूल मांडीवर घेऊन करावी, आणि सकाळीं डॉक्टरांकडे जाणारी गाडी चुकवूं नये.

इतक्या लहान वयांत उपचार म्हणजे बहुतकरून गोळ्या नव्हेत. मुलाशीं कसें बोलावें, त्याच्या खेळांत कसें शिरावें, दिवसाचा क्रम कसा बांधावा, चांगल्या वागण्याकडे अधिक लक्ष कसें द्यावें, हें आईबापांस शिकविणें हाच उपचाराचा मोठा भाग असतो. आमच्या त्या मुलीच्या बाबतींत जिल्ह्याच्या केंद्रांत आजीला हेंच सांगितलें. आईचें नांव घरांत घ्या. तिचा फोटो भिंतीवर लावा. मुलगी रडली तर गप्प करूं नका, जवळ घ्या. बापानें फडावरून रोज संध्याकाळीं ठराविक वेळीं फोन करावा. अंगणवाडींत ताईंनीं तिला रोज एका ठराविक मुलीच्या जोडीला बसविलें. पहिल्या महिन्यांत ती पुष्कळ रडली. आजी घाबरून माझ्याकडे आली व म्हणाली, "बरी व्हती ती पोर, तुम्हीच बिघडवली." मलाही भय वाटलें. पण थिजलेलें तूप पातळ व्हावयाचें तर त्यास ऊब द्यावीच लागते. होळीच्या सुमारास वजनाची रेघ पुनः वर चढूं लागली.

त्या गोष्टीस आतां कांहीं वर्षें झालीं. ती मुलगी शाळेंत जाते. मागें एकदां मी त्या गांवीं गेलों असतां अंगणांत मोठा गलका ऐकूं आला. पाहातों तों ती गोट्यांवरून एका मुलाशीं कडकडून भांडत होती. उत्तम वर्तनाचें बक्षीस तिला आतां कोणी देणार नाहीं. मी मात्र भिंतीआड उभा राहून तें भांडण शेवटपर्यंत ऐकलें, आणि मला फार आनंद झाला.

बंधुभगिनींनो, धनगर संध्याकाळीं वाड्यांत मेंढरें घेतो तेव्हां ओरडणारीं तेवढींच मोजीत नाहीं. गप्प उभीं असलेलीं तो हातानें चांचपून मोजतो. येत्या रविवारीं वर्गाचा पट उघडाल तेव्हां ज्या नांवावर तुमची नजर न अडतां पुढें जाते, त्या नांवाशीं क्षणभर थांबा. सर्वांत आधीं त्याच घरीं जा.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या वर्गांतील कोणत्या मुलाच्या घरीं आपण वर्षांत एकदांही गेलों नाहीं? कां?
२. पाखडणें व निवडणें ह्यांतील भेद कोणता? चाळणींत वेगळें पडलेल्या मुलास नांवें कां ठेवूं नयेत?
३. मूल शांत झालें म्हणजे बरें झालें असें आपण कां समजतों? आपल्या पाहाण्यांतील एक उदाहरण द्या.
४. आपल्या अंगणवाडींत व शाळेंत तपासणीचें पथक केव्हां येतें, हें ताईंस व शिक्षकांस विचारून घ्या. त्या दिवशीं गांवाबाहेर असणाऱ्या मुलांची सोय कशी करावी?